तीन सेकंद थांबा

शिक्षक झालो त्या पहिल्या काही वर्षांत माझा वर्ग मोठा शिस्तीचा समजला जाई. मी प्रश्न विचारायचा, पुढच्या बाकावरच्या तीन-चार मुलांनी हात वर करायचे, एकाने उत्तर द्यायचे की धडा पुढे! मागची मुले गप्प असत. त्यांना काही विचारायचे नसेल, असे मी धरून चालत होतो.

एकदा चौथीतल्या एका मुलीने विचारले, ''गुरुजी, सावलीत ऊन नसते, मग तिथला कपडा कसा वाळतो?'' मला धडा संपवायची घाई होती. ''पुढच्या वर्गात शिकशील,'' असे म्हणून मी फळ्याकडे वळलो. ती खाली बसली. त्या वर्षात तिने पुन्हा काही विचारले नाही.

पुढे मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंचे १९७४ सालचे लेखन वाचनात आले आणि माझी चूक कळली. वर्गांतली ध्वनिमुद्रणे तपासताना त्यांना आढळले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले आणि मुलाच्या उत्तरानंतरही तेवढेच थांबले, तर उत्तरे सविस्तर येतात, एरवी गप्प असणारी मुले बोलू लागतात आणि मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढतात.

मग नव्या चौथीपुढे मी तोच प्रश्न ठेवला आणि मनात तीन आकडे मोजले. फार अवघड गेले! शेवटी मागून आवाज आला, ''वाऱ्याने वाळतो.'' मी ''बरोबर'' म्हटले नाही, पुन्हा थांबलो. दुसरा म्हणाला, ''आणि वारा नसला तर?'' मी विचारले, ''कसे तपासू या?''

मुलांनी तीन ओले रुमाल घेतले. एक उन्हात, एक व्हरांड्यात आणि एक घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. शाळा सुटताना उन्हातला खडखडीत वाळला होता, व्हरांड्यातला जरासा दमट होता, डब्यातला मात्र ओलाच! पाण्याची वाफ व्हायला ऊन हवेच असे नाही. ती निघून जायला मोकळी हवा मात्र हवी, हे मुलांनीच एकमेकांना सांगितले.

पालकांनो, घरीही हे जमेल. मुलाने काही विचारले, तर ''तुला काय वाटते?'' एवढेच म्हणा आणि थांबा. उत्तर चुकले तरी बिघडत नाही. चुकलेले उत्तर तपासताही येते.

पहिला प्रश्न विचारणारी ती मुलगी मात्र तोवर दुसऱ्या शाळेत गेली होती.