नारळी पौर्णिमेनंतरचा समुद्र

समुद्र केव्हा शांत होतो, असे कोकणातील कोणत्याही शाळेत विचारले तर उत्तर येते, ‘नारळी पौर्णिमेनंतर.’ हे उत्तर पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलेले आहे, आणि मोसमी वाऱ्यांपुरते ते बरोबरही आहे. परंतु अरबी समुद्रातील चक्रीवादळांच्या नोंदी पाहिल्या, की त्यांचे दोन हंगाम दिसतात. एक मे-जूनचा, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जुलै-ऑगस्टमध्ये वारा सर्वांत जोराचा असतो, पण त्या काळात चक्रीवादळे जवळजवळ होतच नाहीत. असे का व्हावे? रत्नागिरी जिल्ह्यातील जयगडसारख्या बंदरात हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. २०१९ सालच्या हंगामाच्या आधारे आपण त्याचे उत्तर शोधू.

पाच वादळांचे वर्ष

अरबी समुद्रात सरासरीने वर्षाला एखादेच चक्रीवादळ होते. २०१९ मध्ये पाच झाली. एका वर्षात इतकी वादळे त्यापूर्वी १९०२ साली नोंदली गेली होती. जूनमध्ये ‘वायू’ गुजरातच्या रोखाने आले आणि किनाऱ्याजवळ घोटाळून समुद्रातच विरले. सप्टेंबरच्या अखेरीस ‘हिका’ ओमानला धडकले. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘क्यार’ उठले, ते समुद्रात असतानाच ‘महा’ तयार झाले, आणि डिसेंबरमध्ये ‘पवन’ सोमालियाच्या किनाऱ्यावर गेले.

यांपैकी क्यार जयगडच्या सर्वांत जवळचे. २५ ऑक्टोबरला ते रत्नागिरीपासून सुमारे २०० किलोमीटरवर होते. तेथून ते पश्चिमेकडे वळले आणि किनारा वाचला. पुढे २७ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, त्याने सर्वोच्च श्रेणी गाठली. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर झाला. अरबी समुद्रात या श्रेणीचे वादळ २००७ च्या ‘गोनू’नंतर प्रथमच होत होते. तोवर ते बरेच दूर गेले होते, पण त्याने उठवलेल्या लाटा आणि अमावास्येचे उधाण एकत्र आल्याने कोकणात अनेक ठिकाणी पाणी किनारा ओलांडून आत शिरले.

वादळाचे इंधन

चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे यंत्र आहे. समुद्राच्या एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. बाष्प वर जाऊन त्याचे ढग बनले, की हीच सुप्त उष्णता हवेत मोकळी होते. हवा तापते, हलकी होऊन आणखी वर जाते, आणि खाली समुद्रालगत दाब कमी होतो. ती उणीव भरायला चहूकडून हवा धावते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ केंद्राकडे न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. म्हणून आपल्याकडची चक्रीवादळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. हे यंत्र चालू राहण्यासाठी पृष्ठभागाचे पाणी साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसहून अधिक उबदार लागते, आणि ही ऊब काही दशक मीटर खोलवर असावी लागते.

मे महिन्यात अरबी समुद्र ३० अंशांच्या आसपास तापलेला असतो. मोसमी वारे सुरू झाले की पाणी ढवळले जाते, खालचे थंड पाणी वर येते आणि समुद्र निवतो. पाऊस सरल्यावर, ज्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो त्या दिवसांत, तो पुन्हा तापतो. दोन हंगामांचे एक कारण हे झाले. पण ते पुरेसे नाही. जुलैतही हे पाणी वादळाला चालेल इतके उबदार बऱ्याच भागांत असते.

शांत हवा का लागते?

वर्गात एक उदबत्ती पेटवा. दारे-खिडक्या बंद असताना धूर सरळ वर चढतो. पंखा लावला की तो आडवा होऊन विखुरतो. चक्रीवादळाचे असेच आहे. त्याचा ढगांचा स्तंभ दहा-पंधरा किलोमीटर उंच असतो. वर मोकळी होणारी उष्णता बरोबर केंद्राच्या माथ्यावर साठत राहिली, तरच खालचा दाब उतरत जातो.

पावसाळ्यात खालचे वारे नैर्ऋत्येकडून वाहतात, तर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचा प्रवाह येतो. स्तंभाचा पाया एकीकडे आणि माथा दुसरीकडे ओढला जातो, आणि वादळ मूळ धरण्याआधीच मोडते. ऑक्टोबरमध्ये ही ओढाताण थांबते. म्हणजे दर्यावर्दींना हवीहवीशी वाटणारी ही वाऱ्याची विश्रांतीच चक्रीवादळाला उभे राहायला जागा देते. नारळी पौर्णिमेच्या शहाणपणाला ही पुरवणी जोडायला हवी.

२०१९ मध्ये याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि सुमात्राजवळचा पूर्व भाग थंड झाला होता. या स्थितीला हिंदी महासागरीय द्विध्रुव म्हणतात, आणि त्या वर्षीचा द्विध्रुव अलीकडच्या दशकांतील सर्वांत प्रबळ द्विध्रुवांपैकी होता. शिवाय अरबी समुद्र मुळातच तापत चालला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये येथील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले.

होडी आणि वादळ

२०१९ साली पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी होती. म्हणजे पहिल्या हंगामाचा जूनमधला भाग बंदीत येतो. दुसरा हंगाम मात्र नौका खोल समुद्रात असतानाच येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये हेच घडले. ९ तारखेला लक्षद्वीपजवळ कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, आणि ११ तारखेला दुपारी ‘फयान’ अलिबाग व मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक मच्छीमार घरी परतले नाहीत.

येथे मुलांना एक गणित घालता येईल. लक्षद्वीप ते अलिबाग हा फरक सुमारे ८ अक्षांशांचा आहे. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून अंतर सुमारे ८९० किलोमीटर. ते सुमारे ५८ तासांत कापले, तर वेग ताशी १५ किलोमीटर येतो. मार्ग वाकडा धरला तर त्याहून अधिक. मासेमारी नौकेचा वेग ८ सागरी मैल धरला, तर तोही ताशी १५ किलोमीटरच. दीडशे किलोमीटर आत गेलेल्या नौकेला परतायला दहा तास लागतात. वारा सुटल्यावर निघून चालत नाही. इशारा ऐकताच निघावे लागते.

क्यारच्या वेळी इशारे आधीच दिले गेले होते. तरीही मुंबईच्या पश्चिमेस संकटात सापडलेल्या नौकेवरील १७ मच्छीमारांना नौदलाच्या आयएनएस तेग या युद्धनौकेने वाचवले. अशा वेळी जयगडची खाडी मोलाची ठरते. शास्त्री नदीच्या मुखाशी असलेल्या या खाडीला दक्षिणेकडून भूशिराचा आडोसा आहे, त्यामुळे नैर्ऋत्येच्या लाटांचा जोर आत कमी होतो.

बंदरावरील बावट्याची भाषाही मुलांना यायला हवी. १ आणि २ हे दूरच्या वादळाचे इशारे, ३ आणि ४ स्थानिक सावधगिरीचे, ५ ते ७ धोक्याचे, ८ ते १० महाधोक्याचे. ११ क्रमांकाचा अर्थ, हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे.

शेवटी एक नियम, डच शास्त्रज्ञ बाईज बॅलट यांच्या नावाने ओळखला जाणारा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की कमी दाब डाव्या हाताला असतो. दक्षिणेकडे वादळ असेल तेव्हा जयगडला वारा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. अशा वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी फसवे शांत दिसू शकते. वादळ समुद्रातून उत्तरेकडे सरकले, की वारा आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि नंतर नैर्ऋत्येकडून येऊ लागतो. शाळेच्या पटांगणावर खडूने वर्तुळ आखून, मुलांना वारा आणि वादळ करून हे पाच मिनिटांत दाखवता येईल. हा नियम इशाऱ्याची जागा घेत नाही, पण इशारा का पाळायचा हे मात्र पटवतो. ज्या घरांतून माणसे ऑक्टोबरमध्ये समुद्रावर जातात, त्या घरांतील मुले आपल्याच वर्गात बसलेली आहेत.