घरातले फोटो स्पर्धेला पाठवावेत का?

तालुक्याचे कृषी प्रदर्शन असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो की गणेशोत्सव मंडळाचा कार्यक्रम असो. छायाचित्र स्पर्धा जाहीर झाली, की त्यात काही फोटो हटकून येतातच. पाटावर बसवलेले तान्हे बाळ, कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून बसलेला मुलगा, वासराला घट्ट धरून उभी राहिलेली चिमुरडी, चुलीच्या उबेला अंगाचे मुटकुळे करून झोपलेले मांजर. परीक्षक ते भराभर बाजूला सारतात. ‘हे घरच्या अल्बमात ठेवायचे फोटो, इथे कशाला पाठवले?’ असे एखादा बोलूनही दाखवतो. पाठवणारी माणसे हिरमुसतात. पुढच्या वर्षी ती एक तर काहीच पाठवत नाहीत, नाही तर सर्वांसारखा मावळत्या सूर्याचा नि फुलपाखराचा फोटो पाठवून मोकळी होतात.

पूर्वी हा प्रश्न खेड्यात फारसा उद्भवत नसे. लग्नकार्याला तालुक्याच्या गावाहून फोटोग्राफर यायचा आणि रोलमधला एकेक फोटो जपून काढायचा. आता मोबाइलमुळे कॅमेरा घरोघर आला आहे. गोठ्यात, खळ्यावर, ओसरीवर सारखे फोटो निघत असतात. तेव्हा आपल्या लेकरांचे आणि गुराढोरांचे फोटो स्पर्धेत शोभतात का, याचा एकदा नीट विचार करायला हवा. आमच्या मते ते जरूर शोभतात. मात्र त्याला दोन अटी आहेत. फोटोत परक्या माणसालाही काही दिसले पाहिजे, ही पहिली. आणि बक्षिसापायी लेकराचा नि मुक्या जनावराचा छळ होता कामा नये, ही दुसरी.

तक्रार शंभर वर्षांहून जुनी

अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर फोटोंची फिल्म भरूनच येई. फोटो संपले, की कॅमेरा तसाच कारखान्याकडे पाठवायचा. पुढची सगळी कामे तिकडे होत. पण त्याची किंमत होती पंचवीस डॉलर. ती काही सर्वांना परवडणारी नव्हती. मग १९०० साली त्याच कंपनीने ‘ब्राउनी’ नावाचा पुठ्ठ्याच्या पेटीचा कॅमेरा काढला. किंमत अवघा एक डॉलर! हा कॅमेरा मुद्दाम मुलांना डोळ्यांपुढे ठेवून काढला होता. पहिल्याच वर्षात तो लाखाच्या वर खपला. ब्राउनी बाळगणाऱ्या मुलामुलींचा क्लब निघाला आणि त्यांच्या फोटोंना बक्षिसेही ठेवली गेली. म्हणजे घरगुती फोटो आणि स्पर्धा यांची सोयरीक तेव्हापासूनची आहे.

जो तो खटका दाबू लागला, हे पाहून जाणत्या छायाचित्रकारांच्या कपाळाला आठ्या पडल्या. न्यूयॉर्कचे आल्फ्रेड स्टिगलिट्झ हे त्यांतले मोठे नाव. छायाचित्रणाला चित्रकलेच्या पंगतीत मानाचे पान मिळावे म्हणून त्यांनी १९०२ साली ‘फोटो-सिसेशन’ हे मंडळ स्थापन केले. हौशी लोकांच्या झटपट फोटोंबद्दल या मंडळींना फारसे प्रेम नव्हते. पण गंमत अशी, की खुद्द स्टिगलिट्झ यांना नाव मिळवून देणारे पहिले मोठे बक्षीस कशाला मिळाले होते? १८८७ साली लंडनच्या ‘अमॅच्युअर फोटोग्राफर’ या नियतकालिकाने स्पर्धा घेतली होती. इटलीतल्या बेलाजिओ गावी पोरेबाळे हसत-खिदळत असताना काढलेला फोटो स्टिगलिट्झ यांनी तिला पाठवला. परीक्षक होते पीटर हेन्री इमर्सन. या फोटोतला उत्स्फूर्तपणा त्यांना भावला आणि त्यांनी त्यालाच पहिला क्रमांक दिला. पुढे स्वतःच्या मुलीचे लहानपणीचे फोटोही स्टिगलिट्झ यांनी पुष्कळ काढले.

तेव्हा विषय पोराबाळांचा आहे, एवढ्यावरून फोटो हलका ठरत नाही.

घरातून निघालेले दोन फोटो

फ्रान्समध्ये जाक-आंरी लार्तिग नावाचा मुलगा १८९४ साली जन्मला. वयाची सात-आठ वर्षे झाली नाहीत तोच वडिलांनी त्याच्या हाती कॅमेरा दिला. घर सुखवस्तू होते. पोराने फोटो कशाचे काढावेत? घरातल्याच माणसांचे. भाऊ, चुलत-मावस भावंडे, त्यांचे खेळ, चेंडूसाठी उडी घेणारे घरचे मांजर. पायऱ्यांवरून उडी मारताना हवेत तरंगणाऱ्या नात्यातल्या बहिणीचा त्याने १९०५ साली काढलेला फोटो आज जगभर ओळखला जातो. हे फोटो कित्येक वर्षे घरच्या अल्बमांतच पडून होते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा लार्तिग एकोणसत्तर वर्षांचे म्हातारे झाले होते! ज्याला आपण ‘अल्बमातला फोटो’ म्हणून बाजूला सारतो, त्यातच एका काळाचे घर, कपडे, खेळ आणि आनंद जसेच्या तसे साठून राहतात, हे तेव्हा लोकांना कळले.

दुसरी गोष्ट युजीन स्मिथ यांची. दुसऱ्या महायुद्धात ते रणांगणावर फोटो काढायला गेले होते. मे १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर तोफगोळ्याचे तुकडे लागून ते जबर जखमी झाले. तोंडाला आणि हाताला इजा झाली. पुढे दीर्घकाळ उपचार चालले. कॅमेरा हाती धरता येईल की नाही याचीच शंका होती. १९४६ साली एके दिवशी आपली दोन लहान मुले झाडीतून चालली असताना ते दुखऱ्या अंगाने त्यांच्या मागे निघाले आणि त्यांनी फोटो काढला. फोटोत मुलांचे चेहरेही नाहीत. हातात हात धरून अंधाऱ्या झाडीतून उजेडाकडे निघालेली दोन पाठमोरी पोरे, एवढेच. एडवर्ड स्टायकेन यांनी १९५५ साली न्यूयॉर्कला ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन भरवले. त्यात अडुसष्ट देशांतले ५०३ फोटो होते. त्या सगळ्यांच्या शेवटी हाच फोटो लावला होता. हे प्रदर्शन पुढे जगभर फिरले. १९५६ साली आपल्या मुंबईतही आले होते.

बापाने काढलेला पोरांचा फोटो, एवढाच त्याचा विषय. पण युद्धातून होरपळून निघालेल्या जगाला त्यात आपलीच पोरे दिसली.

मग परीक्षक कंटाळतात का?

याचे कारण समजून घेतले पाहिजे. आई जेव्हा आपल्या बाळाचा फोटो पाहते, तेव्हा तिला फोटोबाहेरचेही दिसत असते. हे बाळ आठवडाभर तापाने फणफणले होते, त्या दिवशी पहिल्यांदा हसले. अंगातले झबले आजीने शिवले. मागची गाय माहेरहून आलेली. हे सारे आईला ठाऊक असते. परीक्षकापुढे मात्र चौकटीत जेवढे आले तेवढेच असते. त्याला दिसते एक बाळ आणि एक गाय. दोष ना आईचा, ना परीक्षकाचा. आईच्या मनातले फोटोत उतरले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पोळ्याचेच उदाहरण घ्या. बैलांना झूल घातली, बाशिंगे बांधली, पोराला बैलाशेजारी उन्हाकडे तोंड करून उभे केले आणि ‘हास रे’ म्हणून फोटो काढला. पोराचे डोळे मिटलेले, बैलाचे अर्धे शिंग कापले गेलेले. हा फोटो घराला हवाच. तो जरूर काढावा. पण आदल्या संध्याकाळची खांदेमळणी आठवा. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर आजोबा हळद नि लोणी चोळताहेत, नातू वाटी धरून उभा आहे, आणि बैलाने सुखाने मान खाली घातली आहे. हा फोटो कोल्हापूरच्या माणसाला कळेल तसा परदेशातल्या माणसालाही कळेल. त्याला नातवाचे नाव सांगावे लागणार नाही.

पाठवण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. फोटो शेजारच्या गावातल्या, आपल्या घरची काही माहिती नसलेल्या माणसाला दाखवावा आणि गप्प बसावे. ‘छान आहे’ म्हणून त्याने मोबाइल परत दिला, तर फोटो अल्बमात ठेवावा. तो थांबून पाहू लागला, ‘हे काय चाललंय?’ म्हणून विचारू लागला, तर खुशाल स्पर्धेला पाठवावा.

जनावरांच्या फोटोंचा नियम

येथे एक नियम माहीत असावा. छायाचित्रण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे ‘फियाप’च्या, व्याख्येनुसार ‘निसर्ग’ विभागात पाळीव जनावरे चालत नाहीत, आणि लागवड केलेली झाडेही चालत नाहीत. म्हणजे आपली म्हैस, शेळी, कुत्रा आणि शेतातला सूर्यफुलाचा ताटवा त्या विभागातून बाद. यात आपल्या जनावराचा अपमान नाही. तो विभाग रानातल्या जिवांसाठी राखलेला आहे, इतकेच. असे फोटो खुल्या विभागात, लोकजीवनाच्या किंवा घरगुती जनावरांच्या विभागात पाठवावेत. आधी नियम वाचले तर फुकटचा हिरमोड होत नाही.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाशी निगडित असलेल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ चा पहिला मान एका लांडग्याच्या फोटोला मिळाला. रात्रीच्या वेळी फाटकावरून झेप घेणारा लांडगा! पाहणारे थक्क झाले. पण जानेवारी २०१० मध्ये परीक्षकांनी तो फोटो बाद ठरवला, कारण हा लांडगा रानातला नसून माणसाळवलेला असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने आरोप नाकारला, पण बक्षीस गेले ते गेलेच. आपला कुत्रा कुंपणावरून उडी मारतानाचा फोटो ‘आमचा कुत्रा’ म्हणून पाठवावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अलीकडे तर संगणकाला सांगून, कॅमेऱ्याशिवायच, हुबेहूब फोटोसारखी चित्रे बनवता येतात. २०२३ साली बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने असेच एक चित्र सोनीच्या जागतिक स्पर्धेत पाठवले. ते एका गटात विजयी ठरले, तेव्हा त्याने खरा प्रकार सांगून बक्षीस नाकारले. अशा काळात खऱ्या गोठ्यातला, खऱ्या पोराचा साधा फोटो उलट मोलाचा झाला आहे.

फोटो काढताना

दुपारच्या रणरणत्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळचे कोवळे ऊन किंवा ओसरीत दारातून येणारा उजेड चांगला. पोराचा किंवा करडाचा फोटो उभ्याने वरून काढू नये. खाली बसून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावा. मागे काय आहे तेही पाहावे, नाही तर विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. ‘इकडे बघ, हास’ म्हणण्यापेक्षा मूल आपल्या उद्योगात असतानाच फोटो काढावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेला फोटो आकाराने लहान झालेला असतो. स्पर्धेला मूळ फोटोच द्यावा.

लेकराचे मन आणि मुका जीव

आता दुसरी अट. फोटोसाठी पोराला विहिरीच्या कठड्यावर बसवणे, मारक्या बैलापुढे उभे करणे, झोपलेले पिल्लू ओढून काढणे, हे प्रकार होऊ नयेत. उघड्या अंगाने नहाणाऱ्या, रडणाऱ्या, आजारी मुलाचा फोटो आपल्याला लोभस वाटतो. पण तो चारचौघांत लागला, पेपरात आला, मोबाइलवरून गावभर फिरला, तर मोठेपणी त्याला काय वाटेल? सहा-सात वर्षांच्या मुलाला हे कळते. त्याला विचारावे, ‘हा फोटो पाठवू का?’ तो नको म्हणाला तर पाठवू नये. बक्षीस पुढच्या वर्षीही मिळेल; पोराचा आपल्यावरचा विश्वास मोडला तर तो जोडायला वेळ लागतो.

मोबाइलवर ‘गोंडस बाळ’ स्पर्धांच्या जाहिराती येतात. फोटो पाठवा, फी भरा, नातेवाइकांकडून मते मिळवा, असा त्यांचा मामला असतो. त्यात फोटोची पारख नसते. ज्याचा गोतावळा मोठा तो जिंकतो. काहींत तर बँकेची माहिती किंवा ओटीपी मागतात. ओटीपी कोणालाही सांगू नये. फोटोसोबत मुलाची शाळा नि घराचा पत्ता उघड करू नये. आणि पाठवलेला फोटो जाहिरातीत वापरण्याचा हक्क आयोजक मागताहेत का, हे नियमांत पाहून घ्यावे.

आयोजकांनाही एक सुचवावेसे वाटते. ‘घर-अंगण’ नावाचा वेगळा विभाग ठेवावा आणि तेथे घरच्या फोटोंची नीट पारख करावी. बाद केलेल्या फोटोत काय कमी पडले, हे दोन शब्दांत सांगावे. आणखी एक विभाग मुलांनी स्वतः काढलेल्या फोटोंचा असावा. लार्तिगच्या हाती कॅमेरा आला तेव्हा तो आपल्या दुसरी-तिसरीतल्या पोरांएवढाच होता.

आणि बक्षीस मिळो वा न मिळो, वर्षातले चार चांगले फोटो छापून घ्यावेत. मागे तारीख, माणसांची नावे आणि बैलाचे नावही लिहून ठेवावे. मोबाइल बिघडतो, हरवतो. कागदावरचा फोटो मात्र पेटीत जपून राहतो.