उभ्या गाडीचे वय

कापसाच्या हंगामात यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद येथील बाजारपेठांत व्यापाराचा एक जुना नियम पाळला जातो. माल किती वापरला गेला हे नंतर विचारावे. तो किती दिवस पडून होता, हे आधी विचारावे. गोदामातील गाठ कोणी सोडली नाही म्हणून ती ताजी राहत नाही. ओल, उष्णता, उंदीर आणि काळ हे चारही भागीदार आपापला वाटा घेतच असतात. ज्या घरांत हा नियम लहानपणापासून कानावर पडतो, त्याच घरांतील तरुण पिढी वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना मात्र तो सहज विसरते. “पप्पा, गाडी फक्त नऊ हजार किलोमीटर चालली आहे,” एवढ्या एका वाक्यावर सौदा ठरू पाहतो.

मोटारगाडीचे आकर्षण या समाजाला नवे नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि पुढे मुंबईच्या कुर्ला येथील या कारखान्याच्या गाड्या देशभरातील व्यापारी घरांच्या दारात उभ्या राहिल्या. त्या काळी गाडी ही पेढीची गरज होती. आज दोन आसनांची, बुटकी, वेगवान गाडी ही हौस आहे. हौसेला दोष देण्याचे कारण नाही. परंतु हौसेचा सौदाही सौदाच असतो आणि त्याला सौद्याचे सर्व नियम लागू होतात.

काटा सांगतो तेवढेच वय नसते

स्पोर्ट्स कार कमी का धावते, याचे उत्तर तिच्या घडणीतच आहे. तिचा तळ जमिनीपासून जेमतेम ११० ते १४० मिलिमीटर उंच असतो. सामानाला जागा नसते, चौघांचे कुटुंब मावत नाही. त्यामुळे पहिला मालक ती रविवारी काढतो, पावसाळ्यात झाकून ठेवतो आणि काही वर्षांनी विकायला काढतो. अशी गाडी बाजारात दुर्मीळ नाही आणि ती वाईटही नाही. मात्र तिचे वय दोन मापांनी मोजावे लागते. एक माप किलोमीटरचे, दुसरे वर्षांचे.

गाडी उभी असताना काय घडते ते समजून घ्यावे. इंजिनातील तेल हळूहळू खाली निथळते, त्यामुळे दीर्घ विश्रांतीनंतरच्या पहिल्या क्षणी धातूवर धातू जवळजवळ कोरडा घासतो. रबरी सील आणि नळ्या कडक होतात. बॅटरी आपोआप उतरते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते; असे तेल जोरदार ब्रेक लावल्यावर लवकर उकळते आणि नेमक्या गरजेच्या वेळी पेडल मऊ पडते. म्हणूनच गाडी चालो वा न चालो, हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे असा प्रघात आहे. आता देशभर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोललाही पाणी ओढून घेण्याचा गुण आहे. महिनोन्महिने टाकीत पडून राहिलेले असे पेट्रोल जुन्या गाडीच्या इंधननलिकांना त्रास देऊ शकते.

सर्वांत फसवा भाग टायरचा. नऊ हजार किलोमीटर धावलेल्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते. परंतु टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असे असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो; अशा उन्हात रबर नक्षी न झिजताही आतून म्हातारे होते. सहा वर्षांपुढील टायर तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांचा टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. त्या वेगात फुटणारा टायर चालकाला दुसरी संधी देत नाही.

काटा खरा आहे की फिरवलेला, हेही पडताळावे. पेडलचे रबर, सुकाणूचक्राची झळाळी, चालकाच्या आसनाची कड आणि ब्रेकच्या तबकड्या खोटे बोलत नाहीत. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी नोंदवलेले किलोमीटर अधिकृत सेवा केंद्राकडे असतात. ती नोंद मालकाच्या संमतीने मागून घ्यावी. दोन नोंदींत मोठा खंड असेल, तर त्या काळात गाडी कोठे आणि कशी उभी होती हे विचारावे.

आधी कागद, मग गाडी

पुण्यात बनलेल्या ‘डीसी अवंती’ या स्पोर्ट्स कारचे उदाहरण येथे उपयोगी आहे. २०१२ साली ही गाडी प्रथम लोकांसमोर आली, तेव्हा महाराष्ट्रात बनलेली दोन आसनांची वेगवान गाडी म्हणून तिचे मोठे कौतुक झाले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी याच गाडीच्या संदर्भात गुन्हा दाखल केला. एकाच चॅसिस क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या झाल्याचा आणि त्यांवर कर्जे उचलली गेल्याचा आरोप त्यात होता. आरोपाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. खरेदीदाराने घ्यायचा धडा मात्र स्पष्ट आहे. नोंदणी पुस्तकातील चॅसिस व इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी गाडीवरील क्रमांकांशी जुळवावेत आणि ‘वाहन’ या शासकीय संकेतस्थळावरील नोंदीशीही ताडून पाहावेत.

गाडीवर कर्ज असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात; दुसऱ्या राज्यातून गाडी येत असेल तर नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. कमी कर असलेल्या प्रदेशांत महागड्या गाड्यांची नोंदणी करण्याची चाल जुनी आहे. अशी गाडी स्वस्त वाटते. परंतु ती १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची असेल, तर तिला येथील नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर भरावा लागतो. एमएच-२९ ही यवतमाळची पाटी लागेपर्यंतचा हा सारा खर्च सौद्याच्या आधीच मांडावा. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबरच जातो, गाडीबरोबर येत नाही.

हिशेबाची वही

नोंदणीकृत विक्रेत्याकडून गाडी घेतल्यास त्याच्या खरेदी-विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. एका खाजगी मालकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीवर तो नाही. फर्मच्या नावावर गाडी घेतली म्हणजे जीएसटीचा परतावा मिळेल, हा समज प्रवासी मोटारींच्या बाबतीत सर्वसाधारणपणे चुकीचा आहे.

खरेदी किमतीखेरीज चार टायर, बॅटरी, सर्व प्रकारची तेले, कूलंट आणि वयाने बदलण्यास आलेले पट्टे यांची रक्कम वेगळी काढून ठेवावी. सुटे भाग मिळतील का, हाही हिशेबाचाच भाग आहे. गोव्यात बनलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरची दोन आसनी गाडी आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे. २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा आयात केलेल्या मस्टँगच्या मालकांनाही सेवेचा विचार नव्याने करावा लागला. बहुतेक स्पोर्ट्स कारचे अधिकृत सेवा केंद्र यवतमाळात नाही. सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते, काहींसाठी थेट मुंबई-पुणे. गाडी बंद पडली तर ती सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते, कारण कमी उंचीची गाडी दोराने ओढणे धोक्याचे असते.

जैन घरांनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. अशा गाड्यांची आसने, सुकाणूचक्राचे आवरण आणि गिअरची मूठ पुष्कळदा खऱ्या चामड्याची असते. ‘अल्कांतारा’ हे मखमलीसारखे कापड मात्र कृत्रिम असते. कापडी किंवा कृत्रिम आवरणाचा पर्याय त्या प्रतिकृतीत होता का, हे क्रमांकावरून शोधता येते. नंतर आवरण बदलण्यापेक्षा आधी विचारणे सोपे. आपल्या परिग्रहाची मर्यादा ज्यांनी ठरवली आहे, त्यांना ती मर्यादा कोठे आहे हे सांगण्याची गरज नाही.

गाडी रुळवताना

नव्या इंजिनाला पहिले १५०० ते ३००० किलोमीटर सौम्यपणे चालवावे, असे कंपन्या सांगतात. काही गाड्या इतक्या कमी धावलेल्या असतात की त्यांचा हा पहिला टप्पाही पूर्ण झालेला नसतो. त्यांच्या बाबतीत नियमपुस्तिकेतील मर्यादा जशीच्या तशी पाळावी. बाकीच्या गाड्यांनाही दीर्घ विश्रांतीनंतर दुसऱ्यांदा रुळवावे लागते.

चावी फिरवण्याआधी बॉनेट उघडून पाहावे. कापूस आणि धान्याच्या गोदामांशेजारी उभ्या गाडीत उंदीर घर करतात आणि तारा कुरतडतात. इंजिन सुरू केल्यास त्यांचाही जीव जातो. विष न ठेवता जागा स्वच्छ राखणे, खाद्याचे कण न पडू देणे आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी हलवणे, हा यतनेचाही मार्ग आहे आणि तारा वाचवण्याचाही.

जुने पेट्रोल काढून नियमपुस्तिकेत सांगितलेल्या ऑक्टेनचे ताजे पेट्रोल भरावे. इंजिनचे तेल व गाळणी किलोमीटर न पाहता बदलावी. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घराजवळच, कळंब किंवा दारव्ह्यापर्यंत सकाळच्या थंड वेळी चालवावे आणि परत आल्यावर गाडीखाली तेलाचा डाग पडतो का ते पाहावे. इंजिनचे तेल पुरते तापल्याशिवाय एक्सिलरेटर दाबू नये. तापमापकावरील पाण्याचा काटा मधोमध आला तरी तेल तापायला आणखी वेळ लागतो. नवे टायर पहिल्या तीनशे किलोमीटरपर्यंत पुरती पकड देत नाहीत आणि नव्या ब्रेक पॅडनाही तबकडीशी जुळायला तितकाच वेळ लागतो. त्यानंतरच नागपूर-तुळजापूर महामार्गावर, दिवसाउजेडी, वेग हळूहळू वाढवावा. हजार किलोमीटर झाले की एकदा सेवा केंद्रात तळापासून तपासणी करून घ्यावी.

चालवणाराही रुळावा लागतो

गाडीपेक्षा चालकाला रुळायला अधिक काळ लागतो. घरातील नेहमीच्या लहान मोटारीला ८० ते ९० अश्वशक्ती असते. आठ सिलिंडरच्या मस्टँगला चारशेच्या आसपास. पाय तोच, सवय तीच आणि पायाखालची शक्ती मात्र चौपट. त्यातच अनेक स्पोर्ट्स कारमध्ये ही शक्ती मागच्या चाकांना मिळते. ओल्या रस्त्यावर वळण घेताना थोडा अधिक दाब पडला की मागचा भाग घसरतो. ती घसरण सावरणारी स्वयंचलित यंत्रणा बंद करण्याचे बटण गाडीत असते. त्या बटणाला सार्वजनिक रस्त्यावर कधीही हात लावू नये. पांढरकवड्याकडे टिपेश्वरच्या जंगलपट्ट्यात किंवा उमरखेडच्या वाटेवर रात्री रोही आणि रानडुकरे अचानक आडवी येतात. बुटक्या गाडीत चालकाची नजरही खाली असते, म्हणून ती उशिरा दिसतात.

यासाठी कुटुंबात काही गोष्टी खरेदीच्या आधीच स्पष्ट ठरलेल्या बऱ्या. पहिले तीन महिने रात्रीची फेरी नाही, पावसात घाई नाही, मित्रांच्या आग्रहावरून वेग नाही; आणि चावी कोणाकडे राहील हे वडीलधाऱ्यांनी ठरवायचे. चिरंजीवांना हे बंधन वाटेल. परंतु पेढीवर बसलेल्या नव्या मुलालाही पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली कोणी देत नाही. आधी वही, मग गल्ला, मग तिजोरी हा क्रम सर्वांना मान्य असतो, कारण त्या क्रमामागे अविश्वास नसतो, जिव्हाळा असतो.

कमी धावलेली गाडी हा चांगला सौदा ठरू शकतो. तो चांगला ठरतो तो काट्यावरील लहान आकड्यामुळे नव्हे. उभ्या काळाचा हिशेब नीट मांडला, कागद जुळवले आणि गाडीला व तिच्या चालकाला रुळायला पुरेसा वेळ दिला, म्हणून.