उत्क्रांतिवाद : रक्ताच्या थेंबातला आणि समाजातला

हुबळीहून कलघटगीमार्गे यल्लापूरच्या रानात शिरले, किंवा धारवाडहून हल्याळकडे वळले, की सिद्दी लोकांच्या वस्त्या लागतात. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. कोणी कोकणी बोलतो, कोणी मराठी, कोणी उर्दू. कन्नड बहुतेकांना येते. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात हे लोक येतात, आणि आपण त्यांची नाडी पाहून, औषध देऊन मोकळे होतो. परंतु त्यांच्या रक्तात एक जुना इतिहास लिहिलेला आहे आणि तो डार्विनखेरीज वाचता येत नाही.

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये सिद्दींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे आफ्रिकी पूर्वज बांटूभाषक होते आणि स्थानिक समाजांशी त्यांचा संकर गेल्या सुमारे आठ पिढ्यांत, म्हणजे दोनशे वर्षांत झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. आता बांटूभाषकांच्या प्रदेशात बहुतेकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचे प्रथिन नसते. व्हायव्हॅक्स हिवतापाचा परजीवी पेशीत शिरतो तो मुख्यतः याच प्रथिनाच्या दारातून. दारच नसेल तर चोर शिरणार कोठून? ज्यांच्याकडे हे दार नव्हते ते तगले, त्यांची संतती वाढली, आणि हजारो वर्षांत ते लक्षण जवळजवळ सार्वत्रिक झाले. नैसर्गिक निवड म्हणजे एवढेच. मात्र यावरून सिद्दी रुग्णाला व्हायव्हॅक्स होणारच नाही, असे कोणी समजू नये. संकरामुळे डफी प्रथिन त्यांच्यातही आलेले आहे; शिवाय परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. डफी नसलेल्या माणसांनाही व्हायव्हॅक्स झाल्याचे मादागास्करमध्ये आढळले व ते २०१० साली प्रसिद्ध झाले.

याहून बोलके उदाहरण सिकल सेलचे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि तेवढ्या एका अक्षराच्या चुकीने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. असे जनुक आईबापांकडून दुहेरी मिळाले तर वेदना, रक्तक्षय आणि अकाली मृत्यू. मग इतके घातक जनुक टिकले कसे? जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलसेमियाबाबत तर्क मांडला होता, की एकेरी जनुक बाळगणाऱ्यांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. (हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. त्यांना आपले म्हणायला हरकत नाही.) पूर्व आफ्रिकेत अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये सिकल सेलच्या बाबतीत तसेच असल्याचे दाखवून दिले. वाहकाला हिवताप होतो, पण त्याचे प्राणघातक रूप सहसा होत नाही. आपल्याकडे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हे जनुक सापडले, १९५८ मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, आणि पुढे गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या पट्ट्यात ते आढळत गेले. जेथे रान आणि हिवताप, तेथे हे जनुक, असा हा नकाशा आहे.

म्हणून वाहकाच्या रक्ताला ‘दोष’ म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. हिवतापाच्या रानात ज्याने पोर वाचवले, तेच जनुक हिवताप नसलेल्या शहरात निव्वळ ओझे ठरते. चांगले काय आणि वाईट काय, हे परिस्थितीवाचून सांगताच येत नाही.

समाजाने डार्विनकडून नेमके हेच घेतले नाही. ‘योग्यतमाचे अस्तित्व’ हा शब्दप्रयोग मुळात हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ सालचा. त्याचा सोयीस्कर अर्थ लावला गेला ‘बळी तो कान पिळी’. पुढे त्यातून माणसांच्या वंशांची उतरंड रचणारे शास्त्र उभे राहिले. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर हे त्याचे मोठे आचार्य. त्यांच्याच हाताखाली पुण्याच्या इरावती कर्वे संशोधनास गेल्या. युरोपीयांच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक अधिक असतो व तो त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह आहे, ही गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिले, की या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. परक्या देशातली पंचविशीच्या आतली विद्यार्थिनी आणि समोर संस्थेचे संचालक. तरीही मोजमाप जे सांगत होते तेच तिने लिहिले. १९३० च्या सुमाराचा तो प्रबंध, मला वाटते, मराठी माणसाने उत्क्रांतिविज्ञानाला दिलेले एक धैर्याचे दान आहे. फिशर पुढे नाझी वंशधोरणाचे समर्थक झाले, हे सांगावयास नकोच.

औषधांच्या बाबतीत तर आपण स्वतःच निवड करणारे निसर्ग झालो आहोत. क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपॅरम भारतात प्रथम १९७३ मध्ये आसामात नोंदला गेला. २०१० पर्यंत देशभर त्यावरील पहिले औषध बदलावे लागले. अर्धवट सोडलेली प्रत्येक गोळ्यांची पुडी ही अशी एक छोटी निवडच असते.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकाला जनुकीय स्थितीचे कार्ड देण्याचे ठरले. त्याच वर्षी एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच, असे उत्तर मिळाले. आता हे कार्ड कोणाच्या हाती पडणार, ते पाहावे. मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या बापाच्या, सून निवडणाऱ्या सासूच्या. त्यांतील बहुतेकांचे जीवशास्त्र दहावीलाच संपलेले असते. ‘वाहक’ या शब्दापुढे त्यांना दिसते ते फक्त रोगट घराणे. वास्तविक एक वाहक आणि एक निरोगी असे जोडपे असेल, तर एकाही मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक खेपेस चारात एक अशी शक्यता असते, आणि तेव्हाही गर्भावस्थेत तपासणी करता येते. हा हिशेब आणि त्यामागची हिवतापाची कहाणी शाळेने सांगितली नसेल, तर ती सांगण्याची जागा आपल्या टेबलासमोरची खुर्ची. त्याला पाच मिनिटे लागतात. बाहेर रुग्णांची रांग असतानाही ती काढावी लागतील.