गंगा इथली आणि मॉरिशसची

नाशिककर गोदावरीला गोदावरी फार कमी वेळा म्हणतो. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणतो आणि रामकुंडाकडे निघतो. हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावरही अशीच एक गंगा आहे. डोंगरातल्या एका तळ्यात १९७२ साली भारतातून नेलेले गंगाजल ओतले गेले, तेव्हापासून ते गंगा तलाव झाले. महाशिवरात्रीला इथे त्र्यंबकेश्वरी रांगा लागतात, तेव्हा तिथे लाखो माणसे कावड खांद्यावर घेऊन पायी तळ्याकडे चालत असतात.

देश केवढा? जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या नाशिक जिल्ह्यात असे सात देश मावतील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या नाशिक शहराहूनही कमी. पण या एवढ्याशा भूमीवर भारतीय, आफ्रिकी, चिनी आणि फ्रेंच वंशाची माणसे नांदतात आणि सगळी एकमेकांशी क्रिओल भाषा बोलतात.

ही माणसे तिथे पोचली ती उसामुळे. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली, मळ्यांना मजूर हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या घरात माणसे आली. मुंबई बंदरातून सुटलेल्या जहाजांत आपली मराठी माणसे होती, त्यातली पुष्कळशी कोकणातली. नोंदवहीत मजुराचे नाव लिहिले जाई आणि तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होई. त्यामुळे गावाची खूण सांगणारी आडनावे हरवली. आज मूळ गाव शोधत येणाऱ्या नातवंडांची खरी अडचण हीच आहे.

आडनावे गेली तरी गणपती राहिला. आज मराठी माणसे लोकसंख्येच्या शेकडा दोनच्या आसपास, तरी गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. सरकारी शाळांत मराठी शिकवली जाते. दीडशे वर्षे दूर राहून एवढे जपणे ही सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे मराठी शाळा बंद पडत असताना तर ती फारच मोठी वाटते.

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. मजूर जिथे उतरत तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. मधुचंद्राला किंवा सहलीला मॉरिशसला जाल, तेव्हा किनाऱ्यावरून तासभर काढून तिथे जा. बंदरातून वर येणाऱ्या दगडी सोळा पायऱ्या आहेत. आपल्या माणसांनी त्या भूमीवर पाऊल टाकले ते याच पायऱ्या चढून.