व्हायकिंगांचं गाव आणि पूर्णाची खाडी

नॉर्वेची सहल करून आलेल्या मंडळींच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, मधून अरुंद पाणी, त्यावर प्रवासी बोट. बहुतेकदा ती फ्लॉमहून गुडवांगेनला निघालेली असते. गुडवांगेन हे नॅरोयफियॉर्डच्या टोकाचं चिमुकलं गाव. या फियॉर्डला २००५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०१७ मध्ये गावात व्हायकिंगांची वसाहत नव्याने उभी राहिली. लाकडी घरं, लोहाराची भट्टी, कुऱ्हाडफेक. शिवाय कयाक आणि डोंगरवाटा आहेतच. पैसे मोजून माणसं हजार वर्षं मागे जाऊन येतात.

आता आपल्याकडे या. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने निघालं की भिवंडीच्या अलीकडे पूर्णा लागतं. इथे डोळ्यांत भरतात ती गोदामं आणि ट्रकच्या रांगा. त्यांच्या मागे, काल्हेर-कशेळीच्या अंगाला खाडी आहे, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

फियॉर्ड हिमनदीने कोरलेला असतो. बर्फ सरला की त्या खोल दरीत समुद्र शिरतो. आपली उल्हास नदी राजमाचीच्या खोऱ्यातून निघून कल्याणमार्गे ठाण्याजवळ येते आणि पश्चिमेला वळून वसईजवळ समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात ती खाडीच होते. इथे कडे नाहीत; तिवरं आहेत, ओहोटीला उघडा पडणारा चिखल आहे आणि त्यावर टुणटुण उड्या मारणारे निवटे आहेत.

पाणी उथळ असलं की जहाजही उथळ बुडाचं लागतं. व्हायकिंगांची सारी करामत इथेच होती. कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या घेऊन ते नद्यांतून आत घुसत. ८४५ मध्ये ते सीन नदीतून थेट पॅरिसला भिडले. तेव्हा आपल्याकडे उत्तर कोकणात शिलाहारांचं राज्य होतं. त्यांच्या काळातले वीरगळ बोरिवलीच्या एकसर गावात आहेत. जवळून पाहा: दगडात कोरलेली जहाजं, डोलकाठ्या, वल्ह्यांच्या रांगा आणि लढाईत पाण्यात पडलेली माणसं. वरच्या पट्ट्यांत वीर स्वर्गात पोचलेला दिसतो. दर्यावरच्या लढाईची इतकी बोलकी शिल्पं महाराष्ट्रात विरळाच.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची पहिली जहाजं याच पाण्यात बांधायला घेतली गेली. कामावर पोर्तुगीज कारागीर होते. त्यांचा प्रमुख रुई लैतांव व्हिएगस. पण खाडीचं तोंड वसईच्या पोर्तुगीजांच्या हाती होतं. इथलं जहाज समुद्रात जायचं तर त्यांच्या नाकासमोरून जाणार! आज जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढायला बांधलेली जहाजं उद्या आपल्यावर उलटतील, हे ओळखून वसईकरांनी आपल्या माणसांना फितवलं आणि ते कारागीर काम टाकून निघून गेले. आरमार मात्र उभं राहिलंच.

पुढचा अध्याय तर पूर्णाच्या शेजारचा. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या मराठ्यांच्या मोहिमेची जमवाजमव केली. मार्च १७३७ मध्ये ठाणं पडलं आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

या इतिहासाच्या काही खुणा एका रविवारी पाहता येतात. सकाळी कल्याणचा दुर्गाडी, मग घोडबंदरचा किल्ला, दुपारी भाईंदरहून रो-रो बोटीने वसई. ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. निघण्याआधी बोटीच्या वेळा तेवढ्या पाहून घ्या. निवटे पाहायचे तर ओहोटीची वेळ धरा.

खाडीतल्या जलवाहतुकीच्या आराखड्यात काल्हेरची जेट्टी आहे, मेट्रो ५ च्या आराखड्यात पूर्णा स्थानक आहे. म्हणजे माणसं खाडीपर्यंत येण्याची सोय कागदावर झालेली आहे. गुडवांगेनला व्हायकिंगांचं गाव नव्याने बांधावं लागलं. आपल्याला तेवढाही खर्च नाही. जेट्टीवर १६५७ ची हकिकत सांगणारा एक ठळक मराठी फलक आणि आगरी-कोळी तरुणांच्या हाती चार होड्या, एवढ्याने सुरुवात होईल. स्थानिक ग्रामपंचायतींनी ही मागणी आत्ताच लावून धरावी.