फायटर मासा महिन्याभरात का मरतो?

आमच्या शेजारच्या मुलाने वार्षिक परीक्षा संपल्यावर हट्ट धरला आणि निळा फायटर मासा घरी आला. वडील वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जातात. सुटीच्या दिवशी त्यांनी मासा, काचेची लहान बरणी आणि रंगीत खडे आणून दिले. बरणी टीव्हीशेजारी ठेवली गेली. बाविसाव्या दिवशी सकाळी मासा पाण्यावर आडवा तरंगत होता. पोर दिवसभर जेवले नाही. शेजारणींनी समजूत घातली, "रडू नको बाळा, घरावरचे संकट मासा घेऊन गेला." त्यावर त्याची आजी म्हणाली, "कशाचे संकट? पाणी नासले होते."

आजीचे म्हणणे अगदी खरे होते. मासा विष्ठा टाकतो, उरलेले खाद्य कुजते आणि पाण्यात अमोनिया तयार होतो. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि त्यातच माशाचे कल्ले भाजून निघतात. मोठ्या भांड्यात हे विष पातळ होते आणि काही आठवड्यांत तेथे वाढणारे उपयोगी जिवाणू ते पचवू लागतात. तांब्याभर पाण्याच्या बरणीत यातले काहीच घडत नाही.

मग दुकानात हा मासा पेल्याएवढ्या भांड्यात कसा जगतो? कल्ल्यांच्या जोडीला त्याच्या डोक्यात एक खास इंद्रिय असते. त्याच्या आधारे तो पृष्ठभागावर येऊन आपल्यासारखी हवा घेतो. म्हणून तो लगेच गुदमरत नाही, एवढेच. पण गुदमरून न मरणे वेगळे आणि सुखाने जगणे वेगळे. हा मासा मूळचा थायलंडचा, म्हणजे जुन्या सयाम देशाचा. तेथील भातखाचरे आणि दलदली उथळ असल्या तरी दूरवर पसरलेल्या असतात. १८४० च्या सुमारास सयामच्या राजाने थिओडोर कँटर या डॉक्टरास हे मासे भेट दिले आणि त्यांची ओळख युरोपात पोहोचली. २०१९ साली थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. त्याचे थाई नाव 'प्ला कात', म्हणजे चावणारा मासा. नीट सांभाळला तर तो तीन ते पाच वर्षे जगतो. दुकानातून आणतो तेव्हा तो बहुधा सहा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असतो, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा पहिला खर्च रंगीत खड्यांवर नको, भांड्यावर करावा. निदान दहा लिटर पाणी मावेल अशी काचेची पेटी घ्यावी. वीस लिटरची मिळाली तर फारच उत्तम. तेवढी ऐपत नसेल तर रुंद तोंडाचा पारदर्शक प्लास्टिकचा टबही चालतो. मासा त्यावरून भांडत नाही. हा मासा उडी मारतो, म्हणून वर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा आणि पाणी काठापासून चार बोटे खाली ठेवावे.

आता पाण्याचे. गेली कित्येक वर्षे छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) घरांनी जायकवाडीचे पाणी ड्रममध्ये साठवून, पुरवून पुरवून वापरले आहे. बायाबापड्यांनी त्यासाठी किती रात्री जागविल्या, ते येथे सांगत बसत नाही. माशाच्या बाबतीत मात्र साठवण्याची ही सवय उपयोगी पडते. नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते माशाला घातक ठरते. पाणी आले की एक बादली वेगळी भरावी, वर पातळ फडके बांधावे आणि दिवसभर तशीच राहू द्यावी. क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर माशांच्या दुकानात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात. ड्रममध्ये महापालिकेच्या माणसांनी डासांच्या अळ्यांसाठी अ‍ॅबेट टाकले असेल, तर ते पाणी माशाला घालू नये. जारचे किंवा फिल्टरचे पाणी शुद्ध म्हणून काहीजण मुद्दाम घालतात, पण त्यातील क्षार निघून गेलेले असतात. नुसत्या त्या पाण्यावर मासा ठेवू नये. बोअरचे पाणी जड असते. त्याची माशाला सवय होऊ शकते, पण आज बोअरचे आणि उद्या नळाचे, असा बदल त्याला सोसत नाही.

बरणी पूर्ण रिकामी करून साबणाने घासणे ही आपली सर्वांत मोठी चूक. त्याने उपयोगी जिवाणू धुऊन जातात आणि माशाला एकदम परके पाणी मिळते. दहा लिटरच्या पेटीत आठवड्यातून दोनदा चौथा हिस्सा पाणी काढावे आणि तेवढेच मुरलेले पाणी हळूहळू घालावे. साबण पेटीच्या जवळही नेऊ नये. काढलेले पाणी डब्यातल्या मिरचीला, कढीपत्त्याला घालावे. झाडे तरारतात आणि टंचाईच्या दिवसांत पाणीही वाया जात नाही.

ऊब हा दुसरा मुद्दा. या माशाला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गारठतात. त्या दिवसांत मासा तळाशी बसून राहतो, खात नाही, आणि लोक म्हणतात आजारी पडला. पेटी खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीशी ठेवावी व रात्री जाड कापडाने तीन बाजूंनी झाकावी. पन्नास वॅटचा लहान हीटर जमला तर घ्यावा. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत नेमके उलटे. तेव्हा पेटी जमिनीवर, सर्वांत गार कोपऱ्यात आणावी. बर्फ टाकू नये आणि कूलरचा झोतही थेट येऊ देऊ नये.

खाण्याविषयी मुलांना आधीच बजावावे. हा मासा किडे खाणारा आहे. भात, पोळीचा चुरा, पाव यांनी फक्त पाणी नासते. त्याचे पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते. बारीक दाण्यांचे खाद्य सकाळी तीन-चार दाणे, संध्याकाळी तेवढेच, आणि आठवड्यातून एक दिवस उपवास. डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साचवून ठेवण्याचा उद्योग कोणी करू नये. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा फेस दिसला तर तो घाण समजून पुसू नये. नराने पिल्लांसाठी बांधलेले ते घरटे असते. पिसारे कडेने झिजू लागले तर आधी पाणी सुधारावे, बहुतेक वेळा तेवढ्याने नवे पिसारे येतात. घरातल्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे. रस्त्याकडेच्या देशी बदामाची गळून वाळलेली दोन पाने स्वच्छ धुऊन पेटीत सोडावीत. पाणी चहासारखे होते, पण त्याला ते मानवते.

दोन नर एकत्र ठेवले की ते एकमेकांना फाडतात. गल्लीतली मोठी पोरे मजा म्हणून ते करून बघतात. करमणुकीसाठी प्राणी झुंजविणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येत मासाही प्राणीच आहे. आरसा दाखवून त्याला तासन्‌तास फुरफुरायला लावणे हाही छळच.

शेजारच्या मुलाकडे आता दुसरा मासा आहे, तांबडा, जुन्या लोखंडी चौकटीच्या पेटीत. त्याला तिसरे वर्ष लागले. रंग थोडा उतरला आहे आणि वर यायला त्याला वेळ लागतो, म्हणून आजीने पाण्याची पातळी वीतभरावर आणायला लावली. दाणे ती आधी चमचाभर पाण्यात भिजवून मगच टाकू देते.